पहिला फटका



'गोल्फमधील पहिला फटका : शरीराची आणि मनाची तयारी' हा आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर वाचून आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाळाला आठी पडली असेल, आणि ती पडणे मी अगदी रास्त समजतो. कापसाचा भाव, बेंबळ्याचे पाणी आणि मुलांच्या नोकऱ्या हे ज्या जिल्ह्याचे जिव्हाळ्याचे विषय, तिथे दिवसभर वैशाखाचे ऊन सोसून संध्याकाळी जमलेल्या मंडळींपुढे साहेबांच्या खेळाची कथा लावायची, हे उपाशी माणसापुढे अत्तरदाणी फिरवण्यासारखे आहे असे कोणी म्हटले, तर मी त्याच्याशी भांडणार नाही. माझी विनंती एवढीच की, घटकाभर मला ऐकून घ्यावे. मी ज्या गोष्टीविषयी बोलणार आहे ती गोल्फच्या मैदानावर फार स्वच्छ दिसते. पण घडते ती आपल्या सर्वांच्या आयुष्यात. चारचौघांच्या देखत, सगळे डोळे आपल्यावर खिळलेले असताना, एखाद्या कामाचा आरंभ करण्याची वेळ कोणावर येत नाही? त्या क्षणी हात का थरथरतो, तोंडाला कोरड का पडते, आणि त्यावर माणसाने काय करावे, हा आजचा खरा प्रश्न आहे.

प्रथम खेळाची तोंडओळख करून देतो. चढउतारांचे, झाडाझुडपांचे, मधूनमधून पाण्याची तळी असलेले एक विस्तीर्ण मैदान डोळ्यांपुढे आणा. त्यात अठरा ठिकाणी जमिनीत सव्वाचार इंच रुंदीचा एकेक गोल खळगा केलेला असतो. त्याला 'होल' म्हणतात. प्रत्येक होलपासून दूर, कुठे दीडशे यार्डांवर तर कुठे पाचशे यार्डांवर, आरंभाची जागा असते. तिथे 'टी' नावाची लहानशी खुंटी जमिनीत रोवायची, तिच्यावर शेहेचाळीस ग्रॅमांहून थोड्या कमी वजनाचा चेंडू ठेवायचा आणि लांब दांड्याच्या काठीने तो टोलवत टोलवत त्या खळग्यात नेऊन घालायचा. अठरा खळगे ज्याने सर्वांत कमी फटक्यांत पुरे केले, तो जिंकला. या खेळाचे पहिले लेखी नियम स्कॉटलंडमध्ये १७४४ साली झाले. कलकत्त्यात गोल्फचा क्लब निघाला तो १८२९ साली आणि मुंबईत १८४२ साली. म्हणजे खेळ साहेबाचा खरा. पण आपल्या भूमीवर त्याला पावणेदोनशे वर्षे होऊन गेली आहेत.

आणि खरे सांगायचे तर हा खेळ आपल्याला वाटतो तितका परका नाही. विटीदांडू खेळताना आपण काय करीत होतो? जमिनीत गल खणायची, तिच्यावर विटी आडवी ठेवायची, दांडूचे टोक खाली घालायचे आणि समोर पसरलेल्या गड्यांवर नजर टाकून विटी कोलायची. विटी आपल्या जागी शांत पडलेली असते. ती आपल्यावर चाल करून येत नाही. आपण हात हलवीपर्यंत जगात काहीही घडत नाही. गोल्फचा चेंडूही असाच आहे. तो वाट पाहतो. आणि या खेळातली सगळी गंमत आणि सगळी भीती त्या वाट पाहण्यातच साठवलेली आहे.

क्रिकेटशी तुलना करून पाहा. २०१७-१८ च्या मोसमात विदर्भाने रणजी करंडक पहिल्यांदा जिंकला, तेव्हा आपल्या संघाचा कर्णधार फैज फजल हा सलामीचाच फलंदाज होता. सलामीला जाणाऱ्या फलंदाजाच्या पोटातही गोळा उठत असेलच. पण गोलंदाज धावत सुटला की त्याला भिण्याची फुरसत राहत नाही. चेंडू येतो, डोळा पाहतो, हात वळतो. गोल्फच्या खेळाडूला मात्र फुरसतच फुरसत! चेंडू पायाशी निमूट बसलेला. मागे जोडीदार उभे, बाजूला प्रेक्षक, सगळीकडे चिडीचूप. उजवीकडे तळे, डावीकडे झाडी. अशा वेळी मन गप्प बसत नाही. तळ्यात गेला तर? काठी जमिनीवरच आपटली तर? लोक हसले तर? सगळ्या खेळात पहिल्या फटक्याइतका मोकळा वेळ कशालाच नसतो, आणि रिकामे मन म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे.

आता प्रत्यक्ष फटक्याला किती वेळ लागतो ते ऐका. काठी मागे न्यायला सुरुवात झाल्यापासून ती चेंडूवर येईपर्यंत जेमतेम सव्वा सेकंद जातो. काठीचे टोक आणि चेंडू यांची गाठभेट तर एका सेकंदाचे दोन हजार भाग केले असता त्यांतल्या एका भागापुरतीच. चांगला खेळाडू अठरा होलांना सत्तर-बहात्तर फटके घेतो. म्हणजे चार तासांच्या खेळात प्रत्यक्ष फटके मारण्याचा वेळ दोन-तीन मिनिटांपेक्षा अधिक नाही. उरलेला सारा वेळ चालण्याचा, पाहण्याचा आणि विचार करण्याचा. ज्याला तो उरलेला वेळ सांभाळता आला, त्यालाच ती दोन मिनिटे सांभाळता येतात.

शरीराच्या तयारीकडे वळू. आपल्या तालमींना ही गोष्ट कोणी परदेशातून येऊन शिकवायला नको. पैलवान आखाड्यात उतरतो तो एकदम खडाखडी करीत नाही. तो आधी माती उकरतो, जोर काढतो, बैठका मारतो, अंगाला घाम आणतो आणि मग लंगोट आवळून सलामी देतो. शेजारच्या अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. त्या मंडळाची मंडळी १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवायला गेली होती. त्या परंपरेत वाढलेल्या माणसाला थंड अंगाने जोर लावू नये हे सांगावे लागत नाही.

गोल्फमध्ये हा नियम अधिकच लागू पडतो, कारण त्या सव्वा सेकंदात कंबर, पाठ, खांदे आणि मनगटे एकामागून एक पिळवटून सुटतात. मोटारीतून उतरला, पाचच मिनिटांत काठी उचलली आणि जीव खाऊन पहिला फटका मारला, अशा माणसाची कंबर धरली तर दोष खेळाचा नव्हे. जाणते खेळाडू वेळेच्या तासभर आधी मैदानावर येतात. थोडे झपझप चालतात. मग पाय पुढेमागे झुलवणे, खांदे गोल फिरवणे, काठी खांद्यांवर आडवी धरून धड दोन्ही बाजूंना वळवणे असे चालते व्यायाम करतात. एकाच ठिकाणी स्नायू बराच वेळ ताणून धरण्याची जुनी पद्धत ऐन खेळाआधी फारशी सोयीची नाही, हे आता व्यायामशास्त्राला कळून चुकले आहे. तसा ताण दिल्याने स्नायूचा झटका काही काळ उणावतो. ताण द्यायचाच तर खेळ संपल्यावर द्यावा.

यानंतर सरावाचे फटके. तेही लहानापासून मोठ्याकडे. प्रथम आखूड काठीने अर्धे, हलके फटके मारायचे, मग मधल्या काठ्या घ्यायच्या, आणि सर्वांत लांब काठी, जिला 'ड्रायव्हर' म्हणतात, ती सर्वांत शेवटी. पहिल्या होलावर जी काठी वापरायची, तिनेच सरावाचा अखेरचा फटका मारावा, म्हणजे हाताला तीच चव राहते. गवई मैफलीत बसला की आधी तंबोरा जुळवतो, मंद्रात आवाज लावतो, आणि मग हळूहळू वर चढतो. आल्या आल्या तार षड्जाला हात घालणारा गवई आपण कोणी ऐकला आहे काय? आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणखी एक पथ्य पाळावे लागते. पाणी तहान लागण्याआधी प्यावे, आणि अंग तापवण्याच्या भरात उन्हातच दमून जाऊ नये. तयारीने माणूस ताजा झाला पाहिजे, शिणला असेल तर ती तयारी जास्त झाली.

शरीराच्या तयारीइतकीच साहित्याची तयारी. हा विषय कोणाला किरकोळ वाटेल, म्हणून एक खरी हकिकत सांगतो. २००१ साली इंग्लंडमधील रॉयल लिथम येथे 'ओपन' ही जगातली सर्वांत जुनी अजिंक्यपदाची स्पर्धा चालू होती. शेवटच्या दिवशी वेल्सचे नामांकित खेळाडू इयन वूझनम आघाडीच्या घोळक्यात होते. त्यांचा पहिलाच फटका असा अप्रतिम बसला की, चेंडू एकदम खळग्यात जायचा तेवढा राहिला. पुढच्या सोप्या फटक्याने त्यांनी तो होल पुरा केला आणि ते दुसऱ्या होलाच्या आरंभाला गेले. तिथे त्यांचा सामान वाहणारा कॅडी म्हणाला की, पिशवीत पंधरा काठ्या आहेत. नियमाप्रमाणे चौदांहून जास्त काठ्या बाळगता येत नाहीत. सरावासाठी घेतलेली एक जादा काठी पिशवीत तशीच राहून गेली होती. झाले! दोन फटक्यांचा दंड बसला आणि त्या सुंदर आरंभाची माती झाली. एवढे होऊनही त्या दिवसाच्या अखेरीस वूझनम तिसऱ्या क्रमांकाच्या बरोबरीत राहिले. हिंमत दांडगी खरीच. पण काठ्या मोजायला अर्धे मिनिट पुरे होते.

हा खेळ वेळेच्या बाबतीतही कठोर आहे. ठरलेल्या वेळेला खेळाडू आरंभाच्या जागी हजर नसेल, तर पाच मिनिटांपर्यंतच्या उशिराला दोन फटक्यांचा दंड, आणि त्याहून अधिक उशीर झाला तर खेळाडू बाद. 'तहान लागल्यावर विहीर खणणे' ही म्हण आपल्याकडची. तिची शिक्षा मात्र गोल्फने लेखी करून ठेवली आहे. काठ्या मोजणे, चेंडूवर आपली खूण करणे, मोजे-टोपी जागच्या जागी असणे, ही कामे आदल्या रात्रीची आहेत. ती आदल्या रात्री झाली, म्हणजे सकाळी मन त्यांच्यामागे धावत नाही.

आता मनाकडे येतो, आणि इथेच खरी मेख आहे. आरंभाच्या जागी उभे राहिले की छाती धडधडते, श्वास वरच्या वर राहतो, खांदे कानांकडे चढतात आणि काठीवरची मूठ आवळली जाते. हे भित्रेपणाचे लक्षण आहे असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः शरीर आपल्या परीने मदतीला धावलेले असते. संकटात पळायला किंवा लढायला लागणारे बळ ते रक्तात ओतीत असते. अडचण एवढीच की, ते बळ वाघाशी झुंजायच्या बेताने आलेले असते आणि आपल्याला टोलवायचा असतो इवलासा चेंडू! आवळलेल्या मुठीने मनगट सुटत नाही. मनगट सुटले नाही की काठी उशिरा येते, आणि चेंडू भलतीकडे जातो.

यावर पहिला उपाय श्वासाचा. आत घेतलेला श्वास सावकाश, घेतला त्याहून अधिक वेळ लावून बाहेर सोडावा. असे तीन-चारदा केले की नाडी उतरते आणि मूठ सैल पडते. प्राणायामाच्या देशात यावर अधिक बोलण्याची गरज नाही. दुसरा उपाय थोडा वेगळा आहे. २०१४ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी काही प्रयोग प्रसिद्ध केले. कोणाला अनोळखी लोकांपुढे गायचे होते, कोणाला भाषण करायचे होते, कोणाला गणिते सोडवायची होती. ज्यांनी आरंभी 'मी शांत आहे' असे स्वतःला बजावले, त्यांच्यापेक्षा 'मला हुरूप आला आहे' असे म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. धडधडणाऱ्या छातीला गप्प बस म्हणून दरडावण्यात अर्थ नाही; तिला कामाला लावावे, हा त्याचा मथितार्थ.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपल्या घरची माउली ज्वारीची भाकरी थापते तेव्हा तिचे बोलणे चालू असते, चुलीकडे लक्ष असते, मूल पदर ओढीत असते, आणि भाकरी हातावर चंद्रासारखी गोल फिरत असते. तिला मध्येच विचारा, 'आई, करंगळी कुठे ठेवतेस? तळवा किती दाबतेस?' ती बिचारी आपल्या हाताकडे पाहू लागेल आणि भाकरी चिरेल. मुरलेले कौशल्य हाताच्या स्वाधीन झालेले असते, आणि त्यात डोक्याने ढवळाढवळ केली की ते नासते. मानसशास्त्रज्ञ सायन बाइलॉक आणि त्यांचे सहकारी यांनी गोल्फच्याच खेळाडूंवर याची परीक्षा केली. आपल्या हालचालीच्या बारकाव्यांकडे लक्ष द्यायला सांगितल्यावर मुरलेल्या खेळाडूंचे फटके बिघडले. २००४ सालच्या त्यांच्या एका प्रयोगात तर असे दिसले की, वेळ घेऊन नेमका फटका मारा असे सांगण्यापेक्षा झटपट मारा असे सांगितले तेव्हा जाणते खेळाडू अधिक चांगले खेळले. नवशिक्यांचे मात्र उलट, त्यांना वेळ घेण्याचा फायदा झाला. यातून शिकायचे ते हे की, विचार जरूर करावा, पण त्याची जागा चेंडूच्या मागे आहे. चेंडूपाशी उभे राहिल्यावर विचाराला रजा द्यावी.

मग चेंडूपाशी करायचे तरी काय? तर रोजचा नेम. चांगले खेळाडू प्रत्येक फटक्याआधी ठरलेल्या तीन-चार कृती ठरलेल्या क्रमाने करतात. चेंडूच्या मागे उभे राहून, तो कुठून जाईल आणि कुठे पडेल याचे चित्र डोळ्यांपुढे आणायचे. या खेळातले थोर खेळाडू जॅक निक्लॉस यांनी लिहून ठेवले आहे की, असे चित्र मनात स्वच्छ उमटल्यावाचून आपण सरावातही फटका मारीत नाही. त्यांची दुसरी युक्ती म्हणजे दूरच्या लक्ष्याच्या रेषेतली एक जवळची खूण, एखादे वाळके पान किंवा गवताचा तुरा, हेरून ठेवायची. तीनशे यार्डांवरच्या लक्ष्यापेक्षा हाताभर अंतरावरच्या पानाकडे नेम धरणे मनाला सोपे जाते. मग एक श्वास, पाय रोवणे, लक्ष्याकडे एकदा पाहणे, आणि फटका. कमी नाही, जास्त नाही. आणि काठी निवडायची ती लोकांना दिपवणारी नव्हे, आपल्या भरवशाची. पहिल्या फटक्याचे काम चेंडू खेळात आणून ठेवणे एवढेच आहे. वाहवा मिळवणे हे त्याच्या कामांत मोडत नाही.

या नेमाचे मर्म माझ्या मते असे आहे. पहिला फटका अवघड वाटतो, कारण आपण त्याला 'पहिला' मानतो. सरावात रोज शंभर वेळा त्याच क्रमाने, तोच श्वास घेऊन, त्याच खुणेकडे पाहून चेंडू मारलेला असेल, तर लोकांसमोरचा फटका हा एकशे एकावा असतो. तयारी म्हणजे अपूर्व क्षणाला नित्याचा करून टाकणे.

याचे उदाहरण द्यायला मला परदेशी जावे लागत नाही. आपल्या विदर्भातच, नागपूरचे ओजस देवतळे आहेत. धनुर्विद्या हाही गोल्फसारखाच खेळ. लक्ष्य शांत उभे असते आणि मन तेवढे पळत असते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिन येथे जागतिक अजिंक्यपदाची अंतिम लढत झाली. पन्नास मीटरांवर लक्ष्य, त्यातले दहा गुणांचे वर्तुळ अवघे आठ सेंटिमीटरांचे, आणि पंधरा बाण. एकवीस वर्षांच्या ओजसने पंधराच्या पंधरा बाण त्या वर्तुळात घातले. दीडशेपैकी दीडशे! समोरच्या पोलंडच्या धनुर्धराचे एकशे एकोणपन्नास झाले होते. म्हणजे एक बाण किंचित जरी चळला असता, तरी निर्विवाद विजय हातचा गेला असता. त्याचा पहिला बाण आणि पंधरावा बाण यांत फरक दाखवता येत नाही, हीच त्याच्या तयारीची थोरवी. अमरावतीच्या मंडळींनी ज्या बर्लिनमध्ये १९३६ साली आपले खेळ दाखवले, त्याच बर्लिनमध्ये सत्त्याऐंशी वर्षांनी विदर्भाच्या मुलाने जग जिंकले, याचा आपल्याला अभिमान वाटावा.

परंतु, श्रोतेहो, एवढ्यावर थांबलो तर मी अर्धेच सांगितले असे होईल. सारी तयारी करूनही पहिला फटका चुकतो. 'प्रथमग्रासे मक्षिकापातः' ही गोष्ट भल्याभल्यांच्या ताटात घडते. तेव्हा पहिल्या फटक्याच्या तयारीत, तो फसला तर काय करायचे याचीही तयारी आली.

१९९७ साली अमेरिकेतील 'मास्टर्स' स्पर्धेत एकवीस वर्षांचे टायगर वूड्स उतरले. पहिल्याच होलावर एक फटका जास्त गेला. पहिल्या नऊ होलांना त्यांनी चाळीस फटके घेतले, म्हणजे अपेक्षेहून चार अधिक. पुढच्या नऊ होलांना त्यांनी घेतले तीस. आणि चौथ्या दिवशी ती स्पर्धा त्यांनी बारा फटक्यांच्या फरकाने जिंकली.

आपल्याकडचे उदाहरण पुण्याच्या उदयन माने यांचे. टोकियोचे ऑलिंपिक २०२१ साली झाले. अर्जेंटिनाच्या एका खेळाडूने माघार घेतल्यामुळे स्पर्धेला काही आठवडे उरले असताना माने यांना प्रवेश मिळाला. पहिल्या दिवशी, २९ जुलैला, त्यांनी शहात्तर फटके घेतले. अपेक्षा होती एकाहत्तरांची. साठ खेळाडूंत ते सर्वांत शेवटी होते. सगळ्या जगासमोर, छातीवर देशाचे नाव लावून, पहिल्याच दिवशी शेवटचा क्रमांक! दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच आरंभाच्या जागी जाऊन उभे राहायचे होते. ते उभे राहिले आणि एकोणसत्तर फटक्यांत परतले. पदक मिळाले नाही. छप्पन्नावा क्रमांक आला. पदकांच्या यादीत त्या एकोणसत्तरांना जागा नाही. तरी मला विचाराल तर, त्या दुसऱ्या सकाळचा पहिला फटका हा मराठी क्रीडेच्या इतिहासात लिहून ठेवण्याच्या लायकीचा आहे.

तिसरे नाव कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांचे. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या अंतिम फेरीत ते पहिल्या टप्प्यानंतर मागे होते. त्यांनी घाई केली नाही. एकेक गोळी आपल्या नेमाने मारीत ते वर सरकले आणि कांस्यपदक घेऊन आले. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी जे मिळवले होते, ते वैयक्तिक पदक महाराष्ट्राच्या मातीतल्या खेळाडूला बहात्तर वर्षांनी पुन्हा मिळाले.

आता या साऱ्याचा यवतमाळशी संबंध काय, हे सांगून संपवतो.

आपला शेतकरी दरवर्षी एक पहिला फटका मारतो. मृगाच्या आधी तो वखरणी करतो, बियाण्याची उगवण तपासतो, तिफण नीट करून ठेवतो. पुरेसा, म्हणजे पाऊणशे ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नका असे कृषी खाते सांगते. शेजाऱ्याची तिफण चालू झालेली दिसत असताना हात आखडून बसणे, याला केवढे मन लागते ते आपण जाणता. आणि एवढे करूनही पाऊस दडी मारतो आणि दुबार पेरणीची पाळी येते. गोल्फच्या हिरवळीवर चेंडू तळ्यात गेला तर एका फटक्याचा दंड होतो. इथे कर्जाचा डोंगर वाढतो. या दोहोंची तुलना मी करीत नाही, ती करणे हा उद्धटपणा होईल. मी इतकेच म्हणतो की, तयारी आपली आणि फळ अनेकांच्या हाती, हे आयुष्याचे गणित ज्यांना रोज सोडवावे लागते, त्यांच्या मुलाबाळांना धीराचे शिक्षण सर्वांत आधी मिळाले पाहिजे.

आणि त्या मुलाबाळांकडे पाहा. वणीचा, पुसदचा, उमरखेडचा, आर्णीचा मुलगा पोलीस भरतीच्या मैदानावर उभा राहतो. हातात गोळा आहे, समोर आखलेली रेषा आहे, शेजारी मोठ्या शहरातल्या अकादमीतून आलेली, भारी बूट घातलेली मुले आहेत. राळेगावची मुलगी परीक्षेच्या दालनात बसते आणि पहिलाच प्रश्न अनोळखी निघतो. घाटंजीचा तरुण मुलाखतीच्या दारातून आत जातो आणि पहिल्या वाक्यालाच अडखळतो. अशा वेळी ही मुले कमी पडतात ती बुद्धीत नाहीत, बळातही नाहीत. कमी पडतात ती एवढ्याचसाठी की, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आरंभ करण्याचा सराव त्यांना कोणी दिलेला नसतो. आणि पहिला फटका चुकला की सगळे संपले, अशी त्यांची समजूत आपणच करून दिलेली असते. पहिल्या चाचणीत कमी गुण पडले की 'पहिले पाढे पंचावन्न' म्हणून हिणवणारे वडील आणि अडखळणाऱ्या मुलाला हसणारे श्रोते, आपणच ना?

तेव्हा माझे मागणे फार मोठे नाही. गोल्फचे मैदान आपल्याला नको. शाळेच्या पटांगणावर रोज एका मुलाने किंवा मुलीने पुढे यावे आणि सर्वांसमोर काहीतरी आरंभ करावे. कोणी गोळा फेकावा, कोणी खो-खोतली पहिली धाव घ्यावी, कोणी पाच वाक्ये बोलावीत. चुकले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यालाच उभे करावे. वर्षभर असे चालले, म्हणजे परक्या गावच्या मैदानावरचा त्याचा पहिला फटका हा पहिला राहणार नाही. आणि आपण मोठ्यांनी एवढेच करावे की, फटका चुकला त्या क्षणी हसू नये, आणि दुसरा फटका घेईपर्यंत जागा सोडून जाऊ नये. खेळाडूची तयारी खेळाडूने करायची असते. पण प्रेक्षकांचीही काही तयारी असावी लागते, आणि ती आपल्या हातची आहे.